नाव झाकलेले, हिशेब उघडा

साताऱ्याहून सांगलीला जाणारी आगगाडी कऱ्हाड सोडून पुढे निघाली, की शेणोली नावाचे एक लहानसे स्टेशन लागते. डब्यातल्या मंडळींचे तिकडे फारसे लक्ष नसते. कोणी दशम्या सोडत असतो, कोणी पेंगत असतो. मी मात्र तेवढ्यापुरते हातातले पुस्तक मिटतो आणि खिडकीबाहेर पाहतो. ७ जून १९४३ रोजी या शेणोलीजवळ सातारच्या भूमिगतांनी सरकारी पगाराची रक्कम नेणारी गाडी अडवली होती. माझी आजी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांची होती. गाडी अडवणाऱ्यांत ती नव्हती, हे आधीच सांगून टाकतो. नाही तर वाचकांना वाटायचे, की प्राध्यापक महाशय आता घराण्याचा पराक्रम गाणार! ती बिचारी डोक्यावर घागर घेऊन नदीवर पाण्याला जात असे, इतकेच. पण त्या घागरीखालच्या चुंबळीची एक हकीकत आहे, आणि ती सांगण्याची वेळ माझ्यावर यंदा अगदी अनपेक्षित रीतीने आली.

गेल्या श्रावणात मी या गाडीने सांगलीला निघालो होतो. शेजारी आमच्या आळीतले काका बसले होते. काका एका कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातल्या चुका काढण्यात गेलेले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला दूधवाल्याच्या खाड्यांची बेरीज ते तीनदा करतात. असा हा माणूस मांडीवर एक फाईल घट्ट धरून बसला होता आणि कऱ्हाड येईपर्यंत त्याने तोंडातून चकार शब्द काढला नव्हता. शेणोली मागे पडली तेव्हा काका एकदम म्हणाले, "मास्तर, काकूला यातलं काही बोलला नाहीत ना?"

मी काही बोललो नव्हतो. प्रकार असा होता. साताऱ्यातल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये एका गृहस्थांचे व्याख्यान झाले. सूट-बूट, गळ्यात टाय, मागे पडद्यावर परदेशांतली छायाचित्रे. त्यांनी सांगितले, की बिटकॉइन नावाचे जे नवे नाणे आहे ते जगभर 'नोड' नावाच्या यंत्रांवर चालते. असा एक नोड तुम्ही आमच्याकडून विकत घ्या, तो आम्हीच चालवू, आणि तुम्हाला घरबसल्या दरमहा अमुक इतके मिळत राहील. काकांनी नातीच्या शिक्षणासाठी बाजूला काढून ठेवलेले चार लाख रुपये त्यात घातले. दोन महिने पैसे आले. तिसऱ्या महिन्यात फोन उचलणे बंद झाले. मात्र मोबाईलवर एक पावती येऊन पडली होती: तुमचे बिटकॉइन तुमच्या नावे जमा आहेत, काळजी नसावी. त्या पावतीचा छापील कागद त्या फाईलमध्ये होता.

आता यात मराठीच्या प्राध्यापकाचा काय संबंध? संबंध असा, की माझा एक जुना विद्यार्थी सांगलीच्या गावभागात राहतो, पुण्याच्या एका कंपनीचे संगणकाचे काम घरून करतो, आणि त्याच्या घरी असा एक नोड खरोखरीच आहे, हे मी एकदा काकांजवळ बोललो होतो. बुडत्याला काडीचा आधार! काका माझ्या मागेच लागले. कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही दोघे निघालो.

माळ्यावरची वही

विद्यार्थ्याच्या आईंनी आमच्यापुढे भडंगाच्या बशा ठेवल्या. चहा झाला. मग तो आम्हाला जिना चढून वर घेऊन गेला. मला वाटले होते, की एखादी खोली भरून यंत्रे असतील, पंखे घोंघावत असतील. माळ्यावरच्या फळीवर पत्त्यांच्या जोडापेक्षा थोडी मोठी एक डबी होती. तिला एक तबकडीपेटी जोडलेली. एक हिरवा दिवा लुकलुकत होता. झाले!

"एवढंच?" काका म्हणाले. त्यांच्या आवाजात निराशा होती. चार लाखांचा नोड त्यांच्या डोळ्यांपुढे कारखान्याएवढा असावा.

"एवढंच, काका. सगळं मिळून एखाद्या साध्या मोबाईलच्या किमतीत होतं. वीज एका छोट्या दिव्याएवढी."

"आणि हे इतकं उंच माळ्यावर का?"

हा प्रश्न मी विचारला, आणि विचारल्यावर माझी मलाच लाज वाटली. सांगलीच्या गावभागात राहणाऱ्याला हे विचारायचे नसते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. त्या पुरात या घराचा तळमजला बुडाला, कपाटातली जुनी कागदपत्रे, खरेदीखते, फोटो यांचा लगदा झाला. २००५ च्या पुरात हरिपूरच्या हळदीच्या पेवांची जी दशा झाली ती तर सांगलीकर अजून विसरलेले नाहीत. एकाच ठिकाणी ठेवलेली वस्तू पाण्याने गेली, की गेली.

"तेच तर सांगायचंय, सर," तो म्हणाला. "२०१९ ला हे यंत्र आठ दिवस बंद होतं. वीजच नव्हती. पण पाणी ओसरल्यावर चालू केलं, तर यानं इतर यंत्रांकडून राहिलेली सगळी पानं मागून घेतली, एकेक तपासलं, आणि वही पुन्हा पुरी केली. माझ्या घरची सात-बाऱ्याची नक्कल काढायला मला दोन महिने लागले. ही वही एका दिवसात जशीच्या तशी उभी राहिली."

वही कोणती? ते समजून घेतले पाहिजे, कारण सगळी गंमत आणि सगळी फसवणूक तेथेच आहे.

३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव घेतलेल्या कोणा अनामिकाने एक लहानसा निबंध प्रसिद्ध केला. हा मनुष्य एक की अनेक, पुरुष की बाई, हे उघड झालेले नाही. ३ जानेवारी २००९ रोजी त्याच्या कल्पनेतल्या वहीचे पहिले पान लिहिले गेले. आपण बँकेत पैसे ठेवतो तेव्हा आपल्या खात्याची वही बँक लिहिते, आणि आपण बँकेवर विश्वास ठेवतो. या अनामिकाने म्हटले, वही कोणा एकाने लिहूच नये. ज्याला पाहिजे त्याने वहीची संपूर्ण नक्कल आपल्या घरी ठेवावी. सरासरी दर दहा मिनिटांनी वहीला एक नवे पान जोडले जाते. ते पान जगभर फिरते, आणि नक्कल बाळगणारे प्रत्येक यंत्र ते पान नियमाला धरून आहे की नाही हे स्वतः तपासते. कोणी नसलेले पैसे खर्च केले, तेच पैसे दोघांना दिले, की पान नापास! एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जायची नाहीत, हाही त्यातलाच एक नियम. नक्कल बाळगणाऱ्या आणि तपासणाऱ्या या यंत्राला म्हणतात नोड. अशी यंत्रे जगात हजारोंनी आहेत, आणि वही आता सहाशे गिगाबाइटांच्या पुढे गेली आहे.

"मग यातून मिळतं किती?" काकांनी मुद्द्याला हात घातला.

"काही नाही, काका."

"म्हणजे?"

"नोड चालवून एक पैसा मिळत नाही. नवीन पान जोडण्याची जी शर्यत असते, तिला खाणकाम म्हणतात. तिथं जिंकणाऱ्याला बक्षीस आहे. एप्रिल २०२४ पासून ते दर पानामागे सव्वातीन नाण्यांच्या थोडं आत आलंय. पण त्याला मोठाले कारखाने लागतात. हा नोड फक्त वही राखतो. हा चौकीदार आहे, सावकार नाही."

काका काही बोलले नाहीत. चष्मा काढून पुसू लागले. व्याख्यानातला सूटवाला गृहस्थ जे विकत होता ते मुळात विकण्याजोगे नव्हतेच, हे त्यांच्या ध्यानात आले असावे.

चुंबळीतली चिठ्ठी

"फुकटची चौकीदारी करायची, तीही लपूनछपून?" मी विचारले. कारण मागे एकदा त्यानेच मला सांगितले होते, की त्याचे यंत्र 'टॉर' नावाच्या जाळ्यातून बोलते आणि ते कोणत्या घरात आहे हे बाहेर कोणाला कळत नाही. "चांगलं काम आहे, तर तोंड लपवायचं कशाला?"

तो हसला. "सर, दाराबाहेर पाटी लावली, की या घरात बिटकॉइनची वही आहे, तर लोक काय समजतील? या घरात बिटकॉइन आहेत! चोर काय वही आणि तिजोरी यांत फरक करत बसतो? इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला एक पत्ता असतो. त्यावरून गाव कळतं, आणि कंपनीच्या दप्तरावरून घर कळतं. शिवाय मी कुणाला पैसे पाठवले, तर ती बातमी पहिल्यांदा माझ्याच यंत्रातून बाहेर पडते. कोणी कान देऊन बसला असेल, तर तो म्हणेल, हा व्यवहार या घरचा. आपण बँकेचं पासबुक गल्लीत टांगून ठेवतो का?"

मग त्याने टॉरची रीत समजावून दिली. ती समजावताना त्याने आपल्याच आगगाडीची स्टेशने घेतली म्हणून माझ्या डोक्यात शिरली. समजा, साताऱ्याहून सांगलीला एक चिठ्ठी पाठवायची आहे. ती एकात एक अशा तीन पाकिटांत घालायची. बाहेरचे पाकीट कऱ्हाडचा माणूस फोडतो. आत त्याला फक्त दुसरे बंद पाकीट सापडते. त्यावर लिहिलेले असते, 'किर्लोस्करवाडीला दे.' किर्लोस्करवाडीचा माणूस ते फोडतो. आत तिसरे पाकीट, 'भिलवडीला दे.' भिलवडीवाल्याला तेवढे कळते, की हे सांगलीला पोचवायचे. कऱ्हाडवाल्याला साताऱ्याचे ठाऊक, सांगलीचे नाही. भिलवडीवाल्याला सांगलीचे ठाऊक, साताऱ्याचे नाही. मधल्याला दोन्हीही नाही! कांद्याच्या पापुद्र्यांसारखी ही पाकिटे निघत जातात म्हणून इंग्रजीत या रीतीला कांद्याचेच नाव पडले आहे. ही युक्ती १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेच्या नौदलाच्या संशोधनशाळेत निघाली. २००२ साली टॉर हे जाळे लोकांसाठी खुले झाले. आणि सांगलीवाल्यालाही आपला पत्ता लपवायचा असेल, तर दोघेही आपापल्या घरून असे टप्पे चालत येतात, आणि मध्येच एका ठरलेल्या पारावर त्यांची गाठ पडते. बोलणे होते, घर कोणी कोणाचे पाहत नाही.

हे ऐकता ऐकता मला आजी आठवली.

सातारा जिल्हा तेव्हा फार मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्यातले वाळवा, तासगाव, खानापूर हे तालुके त्यातच येत. १९४९ मध्ये त्याचे दोन भाग झाले, आणि दक्षिण साताऱ्याचे नाव पुढे १९६० मध्ये सांगली झाले. ४२ च्या चळवळीनंतर या भागात १९४३ पासून १९४६ पर्यंत क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले. लोक त्याला पत्रीसरकार म्हणत. कुंडलचे जी. डी. बापू लाड, वाळव्याचे नागनाथ अण्णा नायकवडी, वाईकडचे किसन वीर असे कितीतरी तरुण त्यात होते. तुफान सेना होती. दरोडेखोरांचा बंदोबस्त झाला, गावागावांत न्यायनिवाडे झाले, थोडक्या खर्चात गांधी पद्धतीची लग्ने लागली. आणि हे सारे चालवणारी माणसे कोठे झोपतात, कोठे जेवतात, हे सरकारला कळत नव्हते. नानांच्या कन्या हौसाताई पाटील यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यापुढे नवराबायकोच्या भांडणाचे सोंग उभे केले, पोलीस ते सोडवायला धावले, आणि साथीदारांनी ठाण्यातली हत्यारे उचलली, ही हकीकत पुढे त्यांनीच सांगितली.

आजीचे नाव असल्या कोणत्याच इतिहासात नाही. कऱ्हाडच्या अंगाला नदीकाठी तिचे माहेर. वरच्या आळीतली एक म्हातारी पहाटे तिच्या चुंबळीत एक घडी केलेला कागद खोचायची. चुंबळीवर घागर, घागर घेऊन नदी. घाटावर पलीकडच्या वाडीची एक सून धुणे धुवायला यायची. ती म्हणायची, "चुंबळ सैल झाली गं तुझी, आण नीट करून देते." नीट करून दिलेल्या चुंबळीत कागद नसायचा. एकदा फौजदाराने आळीतल्या सगळ्या बायकापोरींना चावडीवर बसवून ठेवले. दिवसभर दरडावले. आम्ही लहानपणी आजीला विचारायचो, "तू सांगितलं का नाहीस? घाबरली नाहीस?" आजी म्हणायची, "लई घाबरली. इचारलं आसतं तर सांगितलं बी आसतं. पर मला ठावंच न्हवतं, तर सांगू काय?"

शूरपणाचा आव नाही. तिला पकडून उपयोग नव्हता, कारण तिच्याजवळ एका म्हातारीचे आणि एका सुनेचे तोंड एवढेच होते. तिन्ही पाकिटांतले मधले पाकीट!

काकांची पावती

काकांनी फाईल उघडली. पावतीवर चौसष्ट अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ होती. वहीतल्या प्रत्येक व्यवहाराला असा एक क्रमांक असतो. विद्यार्थी म्हणाला, "वाचा काका, मी लिहितो." काका वाचू लागले. हेडक्लार्कचा खणखणीत आवाज. एकेक अक्षर, एकेक आकडा. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होतो. लॉटरीचे आकडे वाचणाऱ्या माणसाच्या तोंडावर जी आशा असते, ती तेथे होती.

ओळ पुरी झाली. विद्यार्थ्याने कळ दाबली. क्षणभराने तो म्हणाला, "पुन्हा एकदा वाचू या. एखादं अक्षर चुकलं असेल."

पुन्हा वाचले. या वेळी काकांचा आवाज थोडा खाली आला होता.

"काका, या क्रमांकाचा व्यवहार वहीत नाही."

"नाही म्हणजे? खर्च झाला?"

"खर्च झाला असता, तर तसं दिसलं असतं. खर्च झालेलं कधी पुसलं जात नाही. हा व्यवहार कधी झालाच नाही. तुमचे रुपये त्यांनी घेतले. बिटकॉइन कुणी घेतले नाहीत, कुणी ठेवले नाहीत. पावतीवरचे आकडे मनाचे आहेत."

काका काही वेळ गप्प राहिले. मग त्यांच्यातला हेडक्लार्क जागा झाला. ते म्हणाले, "कशावरून? तूच म्हणालास, तुझं यंत्र तोंड न बघता दुसऱ्यांकडून पानं घेतं. त्या दुसऱ्यांनीच तुला फसवलं असेल कशावरून?"

मला वाटले, पोर चिडेल. तो उलट खूष झाला. "काका, हा प्रश्न भल्याभल्यांना सुचत नाही," तो म्हणाला.

तो खरोखरीच या रीतीचा दुबळा कोपरा आहे. जेथे कोणी तोंड दाखवत नाही तेथे एकच ठक शंभर मुखवटे घालून बसू शकतो. टॉरमध्ये नवा पत्ता काढायला दमडी लागत नाही. तुमच्या यंत्राभोवती एकाच माणसाची शंभर सोंगे कोंडाळे करून बसली, तर तुम्हाला वाटावे आपण शंभर गावांशी बोलतो आहोत, आणि प्रत्यक्षात एकाच वाड्यात कोंडलेले असावे! अशा कोंडाळ्याला खोटे पान सहज बनवता येत नाही, कारण प्रत्येक पानामागे खाणकामाच्या कष्टांचा पुरावा असतो आणि यंत्र तो तपासून घेते. पण खरी पाने तुमच्यापासून दडवून ठेवता येतात, आणि तुम्हाला शिळ्या वहीवर बसवता येते. म्हणून जाणकार लोक एकाच वाटेवर विसंबत नाहीत. या मुलाने दुसरी वाट ठेवली होती 'आय-टू-पी' नावाच्या जाळ्याची. टॉर जर कांदा, तर हा लसूण! लसणाच्या गड्ड्यात जशा पाकळ्या, तसे यात अनेक निरोप एका पुडक्यात बांधून पाठवता येतात. इंग्रजीतही त्याला लसणाचेच नाव आहे. कांदा-लसूण दोन्ही नाकारणाऱ्या आमच्या सोवळ्या काकांना हे ऐकून त्या स्थितीतही हसू आले.

"आणि तिसरी वाट फोनची," असे म्हणून त्याने पुण्यातल्या एका मित्राला फोन लावला. त्या मित्राच्या घरीही वही आहे. दोघांनी आपापल्या शेवटच्या पानाचा क्रमांक आणि त्या पानाची खूण वाचून दाखवली. दोन्ही जुळले. मग काकांच्या पावतीचा क्रमांक मित्रानेही आपल्या वहीत शोधला. तेथेही नव्हता. मित्राने विचारले नाही, की पावती कोणाची. आम्हीही सांगितले नाही.

काकांनी कागद फाईलमध्ये ठेवला आणि फीत बांधली. दोनदा गाठ मारली.

झाकायचे काय?

परतीच्या गाडीत माझ्या डोक्यात एकच विचार घोळत होता. नाव झाकणे म्हणजे पाप, हे आपण मध्यमवर्गीय लोक धरून चालतो. आणि त्याला पुरावाही आहे. टॉरच्या आडोशाने, बिटकॉइन घेऊन, 'सिल्क रोड' नावाचा मादक पदार्थांचा बाजार अमेरिकेत चालला होता. ऑक्टोबर २०१३ मध्ये तो पोलिसांनी बंद पाडला. परंतु याच प्रकरणाचा पुढचा भाग कमी लोकांना ठाऊक असतो. त्या तपासावर नेमलेल्या सरकारी अंमलदारांपैकी दोघांनी स्वतःच बिटकॉइन लाटले. ते पकडले गेले कशामुळे? त्या उघड्या वहीमुळे! नाणी कोठून कोठे गेली ते पानांवर लिहिलेले होते, आणि २०१५ साली दोघांनाही शिक्षा झाल्या. काही नाण्यांची वहीच झाकलेली असते, त्यांची गोष्ट निराळी. बिटकॉइनची वही मात्र कोणीही उघडून पाहावी.

उलट आपल्याकडचे उदाहरण घ्या. 'गेन बिटकॉइन' नावाच्या योजनेने दरमहा दहा टक्के देतो असे सांगून देशभर पैसे गोळा केले. २०१८ मध्ये पुण्यात गुन्हे दाखल होऊन मुख्य आरोपीला अटक झाली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निरनिराळ्या राज्यांतली ही प्रकरणे सीबीआयकडे सोपवली. त्या योजनेच्या प्रचारात कोठे लपवाछपवी होती? नावे होती, छायाचित्रे होती, समारंभ होते. काकांचा सूटवालाही व्यासपीठावर उभा होता, भेटकार्ड वाटत होता. त्याने तोंड दाखवले. हिशेब दाखवला नाही.

आमच्या जिल्ह्याच्या भूमिगतांनी याच्या बरोबर उलटे केले होते. माणसे रानात, उसात, डोंगरात. पण निवाडा गावासमोर. फिर्यादी कोण, आरोप काय, शिक्षा काय, हे गाव ऐकत होते. त्या निवाड्यांत कठोरपणा नव्हता असे कोण म्हणेल? पायांवर पत्री मारण्याच्या शिक्षेवरून तर त्या सरकारला ते नाव पडले म्हणतात. तरी लोकांनी त्या नाव झाकलेल्या माणसांवर विश्वास ठेवला, कारण त्यांचा व्यवहार लोकांच्या डोळ्यांपुढे होता. आजीने कागद वाहिला तो याच भरवशावर. तो कोणाचा होता हे तिला शेवटपर्यंत कळले नाही. पण वरच्या आळीत कोणाचे धान्य परत मिळाले, हे तिने स्वतः पाहिले होते.

वाचकांपैकी कोणाला बिटकॉइन घ्या असे सांगण्याचा माझा मुळीच हेतू नाही. ते आपल्या देशात कायदेशीर चलन नाही. त्याची किंमत लाटेसारखी वरखाली होते, आणि २०२२ पासून त्यावरच्या नफ्याला तीस टक्के कर लागतो. माझे सांगणे त्याहून साधे आहे. कोणी पैसे मागायला आला, तर त्याचे नाव किती मोठे हे मागाहून विचारा. आधी म्हणा, वही दाखव. आणि ती तो दाखवील तेथे पाहू नका. तिसऱ्याच्या घरी, आपल्या हाताने उघडून पाहा.

सांगलीहून आल्यावर आम्ही १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवली, पोलिसांकडे लेखी अर्ज दिला. पैसे ज्या बँक खात्यांत गेले त्यांचा शोध चालू आहे. चार लाखांतले किती परत येतील, ते मला माहीत नाही. विद्यार्थ्यानेही खोटी आशा लावली नाही. "वही चोरी दाखवते, काका," तो निघताना म्हणाला होता, "पण चोराला धरून आणत नाही."

पण एक काम उरले होते. त्या रात्री साताऱ्याला उतरल्यावर स्टेशनाबाहेर रिक्षाची वाट पाहताना काका म्हणाले, "मास्तर, इतकी वर्षं मी दुसऱ्यांची खाती तपासली. आणि घरात एक खातं झाकून ठेवलं." मी गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आमच्याकडे आल्या. डोळे सुजले होते. सौभाग्यवतीने चहा ठेवला. काकू म्हणाल्या, "पैसे गेले त्याचं दुःख आहेच हो. पण चार महिने हा माणूस रात्री उठून बसत होता, आणि मी समजत होते, पित्त झालंय."

दसऱ्यानंतर काका-काकूंनी एक दोनशे पानी वही आणली आहे. किती पेन्शन, किती औषधे, नातीसाठी नव्याने किती, हे रोज रात्री दोघे मिळून लिहितात. यंदा लक्ष्मीपूजनाला तीच पाटावर ठेवायची, असे काकूंनी मला बजावून सांगितले आहे. सांगलीहून विद्यार्थ्याचाही फोन आला होता. त्याच्या आईंनी आधीच विचारून ठेवले आहे, की पेठेत सगळे व्यापारी वह्यांची पूजा करणार, तर माळ्यावरच्या त्या डबीला हळदकुंकू वाहिलेले चालेल का?

मी म्हटले, "खुशाल वाहा. फक्त बेताने वाहा म्हणावं. आत जाऊ देऊ नका."